पोषणशास्त्राची पदवी आणि रायगडचा किनारा

पोषणशास्त्र महाराष्ट्रात गृहविज्ञानाच्या दारातून आले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने, म्हणजे आजच्या एसएनडीटीने, ते मुलींच्या शिक्षणाचा भाग म्हणून वाढवले. जुहूचे सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन ही त्याची मुंबईतील नावाजलेली केंद्रे. विषयाचा पाया जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्राचा आहे. तरी घराघरांत त्याकडे ‘स्वयंपाकाचे शिक्षण’ म्हणून पाहिले जाते ते या उगमामुळे. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्ये व तांदूळ यांच्या पोषणमूल्यांवर काम केले. त्यांना कोणी स्वयंपाक शिकवणाऱ्या बाई म्हटले नाही, कारण त्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या गेल्या. विषय तोच असला तरी विभागाची पाटी बदलली की मान बदलतो, आणि मानाबरोबर पगारही.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या किनारी तालुक्यांतील विद्यार्थिनींना ही पदवी घ्यायला बहुधा मुंबई गाठावी लागते. पदवीची तीन किंवा नव्या धोरणानुसार चार वर्षे, त्यानंतर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयातील इंटर्नशिप आणि शेवटी ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ची परीक्षा, असा हा क्रम आहे. परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशन घेते. नुसत्या बी.एस्सी.वर हे बिरुद मिळत नाही. पदव्युत्तर शिक्षणाला जोडून रुग्णालयात सुमारे सहा महिने काढावे लागतात. शिक्षणाचा खर्च मोजताना पालक या सहा महिन्यांचा हिशेब सहसा धरत नाहीत, आणि पुष्कळ मुली नेमक्या तिथेच थांबतात.

या किनाऱ्यावर पोषणशास्त्राच्या पदवीधरांसाठी काम भरपूर आहे, पण त्या कामाला लागून पगाराची जागा क्वचितच आहे. आणि उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, जिथे मिळते तिथे हे काम शिकवले जात नाही. बाजारात मागणी नाही, मुलींनी दुसरा विषय घ्यावा, हे वरवरचे निदान झाले. गरज असणारा माणूस आणि पगार देणारी संस्था यांची गाठ पडत नाही, हा खरा अडसर आहे.

गरजेबद्दल वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. दुसरे टोकही आहेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचे दाखवले. रायगडमध्ये ही दोन्ही टोके एकाच एसटीच्या फेरीत भेटतात. पेण, सुधागड, रोह्याच्या डोंगरकुशीत कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही केंद्राने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. आणि खाली किनाऱ्याला जमिनी विकून बंगले बांधलेली, साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी गावे आहेत.

या भागाचे जेवण समजून घेणे हेच इथल्या पोषणतज्ज्ञाचे पहिले शिक्षण ठरते. आहाराची नोंद घेण्याची रूढ पद्धत म्हणजे गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारणे. हाच प्रश्न थळ किंवा वरसोलीच्या कोळीवाड्यात ऑक्टोबरमध्ये विचारला तर बांगडा, मांदेली, कोळंबी आणि तांदळाची भाकरी असे उत्तर येईल. जुलैमध्ये विचारला तर सुकट, जवळा, सुके बोंबील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि घरातला पैसाही त्याच काळात आटलेला असतो. एका ऋतूत भरलेला तक्ता दुसऱ्या ऋतूत खोटा पडतो. शिवाय मासळी विकत मिळते ती वाट्याने, आणि जवळा मापाने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत समुद्री मासळीची मोठी यादी आहे. पण वाट्याचे ग्रॅम कसे करायचे आणि पाच माणसांत कोणाच्या ताटात किती पडले हे कसे काढायचे, ते चुलीपाशी बसून शिकावे लागते. कातकरी वस्तीत अडचण आणखी वेगळी असते. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव एका अंगणवाडीच्या वहीत, आणि मूल दुसऱ्या तालुक्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. ज्या महिन्यांत त्याचे वजन घटते त्याच महिन्यांत ते तराजूसमोर नसते.

नोकऱ्यांचा विचार रुग्णालयापासून करावा लागतो, कारण या शिक्षणाची सारी आखणी रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. वॉर्डातील आहारतज्ज्ञाचे काम ठरलेले असते. दाखल रुग्णाचे वजन, आजार आणि खाण्याच्या सवयी नोंदवायच्या, डॉक्टरांच्या राउंडला जायचे, कोणाला लिक्विड डाएट, कोणाला सॉफ्ट डाएट, कोणाच्या नाकातील नळीतून किती आरटी फीड हे ठरवायचे. मग स्वयंपाकघरात जाऊन ट्रॉलीवरची ताटे खरोखर तशी आहेत का ते तपासायचे आणि घरी जाताना रुग्णाला समजेल अशा भाषेत कागद लिहून द्यायचा. रुग्णालयांच्या एनएबीएच मानांकनात पोषणविषयक तपासणीचा समावेश झाल्यापासून मोठ्या खासगी रुग्णालयांत हे पद टिकून आहे. जिल्ह्यातील मोठी रुग्णालये मात्र पनवेलच्या टोकाला एकवटली आहेत. कामोठ्याचे एमजीएम आणि टाटा मेमोरियल केंद्राचे खारघर येथील ॲक्ट्रेक ही दोन्ही कागदोपत्री रायगडची. पण श्रीवर्धनहून ती मुंबईइतकीच लांब वाटतात. प्रत्यक्ष किनाऱ्यावर मोठे असे एकच ठिकाण आहे: अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून २०२१-२२ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या दक्षिणेला रेवदंडा, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात सरकारी दवाखान्यात स्वतंत्र आहारतज्ज्ञ सहसा भेटत नाही.

त्याची किंमत रुग्ण मोजतो. कोकणात आजाऱ्याला शहाळ्याचे पाणी पाजणे ही मायेची रीत आहे. डायलिसिसवरील रुग्णाला मात्र त्यातील पोटॅशियम जिवावर बेतू शकते, कारण निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. खारवलेल्या मासळीतील मिठाचा रक्तदाबाशी असलेला संबंधही असाच घरोघरी सांगावा लागतो. आणि तो सांगताना मासळीच बंद करण्याचा सरसकट सल्ला दिला तर घरातले सर्वांत स्वस्त प्रथिन जाते. न खारवता उन्हात वाळवलेला बोंबील आणि मिठात मुरवलेला मासा यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याचाच सल्ला इथे ऐकला जाईल. ‘ऑलिव्ह ऑइल वापरा’ असे छापील कागदावरून सांगणाऱ्याचा कागद घडी घालून डब्यात जातो.

संख्येने सर्वांत मोठा अन्नव्यवहार सरकारचा आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज प्रत्येक गावाला तिची अंगणवाडी माहीत आहे. योजनेच्या २०२३ च्या सुधारणेआधीच्या निकषांनुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने पूरक म्हणून मिळायला हवी होती. तीव्र कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने. ज्याच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी ते ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित मूल, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. हे शब्द आता अंगणवाडी सेविकेच्या रोजच्या बोलण्यात आहेत. २०१८ च्या मार्चमध्ये पोषण अभियान आले आणि वजन-उंचीच्या नोंदी मोबाइलवर गेल्या. एवढ्या मोठ्या पोषण योजनेत पोषणशास्त्राचा पदवीधर कुठे आहे? सेविका गावातली असते, तिच्यावर पर्यवेक्षिका, त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी जिल्हा परिषदा पदवी मागतात. समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण यांना पसंती असते. हे पद मिळाले तर चांगलेच. पण स्पर्धा परीक्षेत पोषणाच्या ज्ञानाला फारसे वजन नाही, आणि निवड झाल्यावर पंचवीसेक अंगणवाड्यांची देखरेख, अहवाल, ॲपमधल्या नोंदी यांत दिवस संपतो. पोषण शिकलेली बाई तिथे पोचली तरी तिच्या हातून होते ते प्रशासन.

पोषण पुनर्वसन केंद्राची रचना अधिक नेमकी आहे. तीव्र कुपोषित आणि आजारी मुलाला आईसह साधारण दोन आठवडे ठेवून घ्यायचे, आधी एफ-७५ आणि मग एफ-१०० हे औषधी दूध मोजून द्यायचे, आणि घरच्या अन्नावर आणून सोडायचे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दहा खाटांच्या केंद्राला एक पोषण समुपदेशक धरलेला आहे. हा माणूस पोषणशास्त्राचाच असायला हवा, आणि बऱ्याचदा असतोही. पण नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर, अकरा-अकरा महिन्यांची. मूल घरी गेल्यावर पुन्हा घसरते का, हे बघायला दोन-तीन वर्षे एकाच माणसाने त्याच वाड्यांत फिरावे लागते. अकरा महिन्यांच्या करारात ते बसत नाही. राज्याला हे कळत नव्हते असेही नाही: राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादेत सुरू झाले तेव्हा देशातील ते पहिले राज्य पोषण मिशन होते. मिशन निघाले, मोहिमा निघाल्या. तालुक्याला एक कायम पोषण अधिकारी मात्र निघाला नाही.

शाळेतील माध्यान्ह भोजनाची गोष्ट याहून निराळी नाही. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२१ पासून पीएम पोषण म्हणवल्या जाणाऱ्या योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने हा निकष आहे. आमटीत डाळ किती पडली यावर तो निकष पाळला जातो की नाही ते ठरते, आणि ते पाहण्याचे काम शिक्षकांकडे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत तर मुले दिवसाची सगळी जेवणे तिथेच जेवतात. रायगडसाठी या विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणला आहे. इगतपुरीजवळ मुंढेगावला आणि पालघरमध्ये कांबळगावला मध्यवर्ती स्वयंपाकगृहे उभी राहिली तेव्हा एका ठिकाणी शिजवून अनेक आश्रमशाळांना पुरवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजू शकते हे दिसले. अशा स्वयंपाकगृहाला पाककृती, मोजमाप आणि स्वच्छता सांभाळणारा पोषणतज्ज्ञ लागतोच. विखुरलेल्या शाळांना तो परवडत नाही. पेण प्रकल्पात असा प्रयोग करायला डोंगराळ रस्ते हा अडथळा आहे, पण विचारच होऊ नये इतका मोठा नाही.

मग कारखाने. थळचा आरसीएफ, उसरचा गेल, डोलवीचा जेएसडब्ल्यू, नागोठण्याचे रिलायन्स, उरणचे ओएनजीसी आणि न्हावा-शेवा बंदर, आतल्या बाजूला रोहा-धाटाव आणि महाडच्या औद्योगिक वसाहती. किनाऱ्याच्या एवढ्या लहान पट्ट्यात एवढे अवजड उद्योग राज्यात क्वचितच सापडतील. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४६ ने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे करता येत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा १०० कामगारांवर आणला, त्यात कंत्राटी कामगारही धरून. कायद्याला कॅन्टीन हवे आहे, त्यात काय शिजते हे पाहणारा तज्ज्ञ त्याने मागितलेला नाही. त्यामुळे ठेका जातो सर्वांत कमी दराच्या केटररला, आणि रात्रपाळीच्या कामगाराला पहाटे वडापाव मिळतो. वार्षिक आरोग्य तपासणीत कारखान्याचा डॉक्टर त्याच कामगाराची साखर वाढल्याची नोंद करतो. दोन्ही कागद एकाच कंपनीचे, पण ते कधी एका टेबलावर येत नाहीत. पाळीनुसार बदलणारा पंधरवड्याचा मेन्यू, ताटात उरलेल्या अन्नाचे वजन, तेलाचा महिन्याचा खप, दर ताटामागचा खर्च, एवढे काम एक पदवीधर चार-पाच कॅन्टीनांसाठी मिळून करू शकतो. कोणत्याही एका कंपनीला पूर्ण वेळचा पगार देण्याची गरज नाही. पोषणशास्त्राच्या अभ्यासक्रमात संस्थात्मक अन्नसेवा हा विषय असतो, पण मुलींना तो दुय्यम वाटतो; पांढऱ्या कोटाची ओढ जास्त. किनाऱ्यावर राहून पोट भरायचे असेल तर हा दुय्यम विषयच पहिला करावा लागेल.

अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात एक खाच आहे, ती आधीच ठाऊक असलेली बरी. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी २०११ च्या नियमांनी दिलेल्या पात्रतेच्या यादीत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, वैद्यक आहेत; पोषणशास्त्राचे नाव नाही. जाहिरात वाचून न घेता तयारीत दोन वर्षे घालवणाऱ्या मुली आहेत. तळोज्याच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांतही गुणवत्ता विभागात मत्स्यविज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्राला प्राधान्य मिळते. याउलट फॉस्टॅक या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाची वाट खुली आहे. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, हे त्यातले सूत्र. अलिबाग, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर इथली रिसॉर्ट आणि घरगुती खानावळी यांना असे प्रशिक्षण देणारी माणसे हवी आहेत. बचतगटांचे क्षेत्रही दुर्लक्षित राहिले आहे. पेणचे पोहे-पापड, भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा, भातानंतरच्या ओलीवर येणारे वाल, डोंगरातली नाचणी-वरी, सुकी मासळी: माल तयार आहे, पण पाकिटावर पोषणमूल्यांचे लेबल कसे काढायचे ते बायकांना कोणी सांगत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान देते. तिच्या अर्जापासून लेबलापर्यंत गटाला हात देणारी पदवीधर गावातच असेल तर दोघींचेही भले होते.

स्वतःचा दवाखाना हा सर्वांत जास्त स्वप्नांचा आणि सर्वांत कमी हिशेबाचा मार्ग. आहारसल्ल्याला मराठी घरांत किती भूक आहे हे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीला मिळालेल्या प्रतिसादाने दाखवले. ऋजुता दिवेकर यांची पुस्तके आणि स्थानिक अन्नावरचा त्यांचा भर हेही त्याचेच चिन्ह. पण या मागणीतून पैसा होतो तो नावावर, आणि नाव मोठ्या शहरात होते. अलिबागला तपासणी शुल्क देऊन नुसता आहाराचा सल्ला घेणारा वर्ग लहान आहे. पनवेल, खारघर, उलवे इथे तो वाढतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून आणि उलव्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून या वसाहती मुंबईच्या अंगणात आल्या. किनाऱ्यावर राहून करता येण्याजोगे म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याला जोडून आठवड्याचे ठरलेले वार, आणि फोनवरून पाठपुरावा. व्यायामशाळेतला प्रशिक्षकही प्रोटीन पावडरचा डबा विकताना ‘न्यूट्रिशनिस्ट’ म्हणवतो, तेव्हा खऱ्या पदवीची किंमत वेगळी कशी राहणार, हा प्रश्न इतकी वर्षे अनुत्तरित होता.

त्याचे उत्तर कायद्याने आता अर्धवट दिले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्य व्यावसायिकांच्या अनुसूचीत जागा दिली. आयोगाने २०२५ मध्ये या विषयासाठी एकसमान अभ्यासक्रमही जाहीर केला. इंटर्नशिप त्याचा अंगभूत भाग आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे बंद करायला सांगितले. दर्जाच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे. वॉर्डात पाय न ठेवता आहारतज्ज्ञ होता येऊ नये. पण इग्नूसारख्या विद्यापीठातून घर सांभाळत पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट मुरूड-श्रीवर्धनच्या विवाहित स्त्रीला होती, ती आता मिटली. वाट बंद करताना जवळ दुसरी उघडून दिली नाही तर दर्जा वाढतो आणि जिल्ह्यातील पदवीधर कमी होतात.

शिकवणे आणि संशोधन या वाटा मोजक्यांसाठी आहेत. कृषी विज्ञान केंद्रांच्या रचनेत गृहविज्ञानाच्या विषयतज्ज्ञाचे पद असते. रायगडचे केंद्र रोह्याजवळ किल्ला येथे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे. संशोधनात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून चालवलेला मातृपोषणाचा अभ्यास हा मराठी मुलखातला आदर्श म्हणावा लागेल. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींच्या आहाराचा आणि त्यांच्या मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षे माग काढला. वजनाने कमी पण चरबीने भरलेल्या भारतीय बाळाची कल्पना त्यातून जगभर गेली. असे काम खेड्यात राहून वजने घेणाऱ्या कार्यकर्त्यांवर उभे राहते. बाराही महिने मासळी खाणाऱ्या किनाऱ्यावर असा अभ्यास झाला तर त्याची तुलना देशभर उपयोगी पडेल.

आता उमेदवारी. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात चार क्रेडिटचे कार्यप्रशिक्षण आले. तासांत ते सुमारे १२० भरते. रोजचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. इंडियन डायटेटिक असोसिएशनचे सहा महिने म्हणजे बाराशेच्या घरात तास होतात. अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायला किमान एक हजार तासांचा देखरेखीखालील सराव लागतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मास्टर्स पदवीही. परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलीने हा फरक लक्षात घ्यावा. पंधरा दिवसांत रुग्णालयाची स्वयंपाकघरे पाहून होतात, शिकून होत नाही.

सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला बहुतेक ठिकाणी विद्यावेतन नसते. काही खासगी रुग्णालये उलट शुल्क घेतात. किनाऱ्यावरच्या मुलीला त्यात मुंबईच्या वसतिगृहाचा खर्च मिळवावा लागतो. मांडवा-भाऊचा धक्का फेरी अलिबागकराला सोईची, पण रोजच्या येण्याजाण्याची ती सोय नव्हे, आणि श्रीवर्धनकराला तीही नाही. परिणामी जिच्या घरी पैसा आहे तीच ‘रजिस्टर्ड’ होते. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन मिळते. मुदत सुरुवातीला सहा महिने होती, पुढे वाढवून अकरा करण्यात आली. योजनेखाली सरकारी कार्यालयांत अनेक तरुण कारकुनी करतात. त्याच पैशात पोषणाच्या पदवीधरांना अलिबागच्या रुग्णालयात आणि बालविकास प्रकल्पांत नेमता येण्यासारखे आहे. योजनेची मूळ मुदत आणि आहारतज्ज्ञ संघटनेची मुदत जुळतात.

अशी जिल्ह्यातील उमेदवारी कशी असावी? निम्मा काळ अलिबागच्या वॉर्डांत आणि डायलिसिस कक्षात, अनुभवी आहारतज्ज्ञाच्या हाताखाली. उरलेल्यातला मोठा भाग पोषण पुनर्वसन केंद्रात आणि तिथून घरी गेलेल्या मुलांच्या वाड्यांत, काही आठवडे आश्रमशाळेच्या किंवा कारखान्याच्या स्वयंपाकघरात. वॉर्डात आलेले मूल वाडीत परत गेल्यावर काय खाते हे पाहिलेली मुलगी पुढे रुग्णालयात बसली तरी तिचा सल्ला बदलतो. यावर आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. देखरेख करणारा नोंदणीकृत आहारतज्ज्ञ जिल्ह्यात दुर्मीळ आहे. त्याशिवायची उमेदवारी परीक्षेला धरली जाणार नाही. आणि रिकाम्या पदांवर स्वस्तात प्रशिक्षणार्थी बसवून सरकार कायम भरती टाळेल, ही भीती अनुभवातून आली आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात आहारशास्त्राचा पूर्ण विभाग, निदान दोन कायम पदांचा. दुसऱ्यावर उपाय असा की प्रशिक्षणार्थी घेण्याची परवानगी भरलेल्या पदाशी जोडावी: जिथे कायम आहारतज्ज्ञ आहे तिथेच उमेदवार, पद रिकामे तर उमेदवारही नाही.

स्वयंसेवी संस्थांचा आधार जिल्ह्यात चांगला आहे. पनवेलजवळ तारा येथील युसूफ मेहरअली सेंटर, कर्जतच्या कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स, दक्षिण रायगडात स्वदेस फाउंडेशन यांचे काम जुने आहे आणि वाड्यांपर्यंत पोचलेले आहे. त्यांच्याकडे महिना-दोन महिने काढणे शिकाऊ मुलीला कोणत्याही कॉर्पोरेट वेलनेस इंटर्नशिपपेक्षा जास्त देऊन जाते. मात्र संस्थेच्या प्रकल्पाचा पैसा संपला की पदही संपते, हे गृहीत धरून तिथे जावे.

आजच्या स्थितीत किनाऱ्यावरच्या मुलीने ही पदवी घ्यावी का? घ्यावी, पण बी.एस्सी.वर थांबू नये. पदव्युत्तर शिक्षण आणि सहा महिन्यांची उमेदवारी यांच्या खर्चाची तजवीज प्रवेशाच्या वेळीच करावी, संस्थात्मक अन्नसेवा आणि अन्न कायदा नीट शिकून ठेवावा, आणि पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा अर्ज भरत राहावे. जिल्हा परिषद आणि अलिबागचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी कायम पदे निर्माण करेपर्यंत श्रीवर्धनच्या मुलीला पोषणशास्त्राचा सल्ला देताना नोकरीसाठी पनवेल किंवा मुंबईला बिऱ्हाड करण्याची तयारी ठेवायलाही सांगावे लागेल.